डाव्या बाजूचा स्पीकर

गाडी घेतली ती आईच्या गुडघ्यांसाठी. हौस म्हणून नाही. मला कसलीच हौस नाही असं बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं. नाशिक रोडला क्वार्टरमध्ये आम्ही तिघंच, आई, बायको आणि मी. मी प्रेसमध्ये सुपरवायझर होतो. आईला डॉक्टरकडे शहरात न्यावं लागे. स्कूटरवर तिला बसता येईना, रिक्षात चढता येईना. शेवटी रिटायर होऊन गावी निघालेल्या एका साहेबांची जुनी पांढरी गाडी घेतली.

त्या गाडीची पुढची सीट फार खोल होती. आई एकदा आत बसली की तिला बाहेर काढायला शेजारपाजार गोळा व्हायचा. मग मी गादी उचलून खाली घरातला जेवायचा पाट सरकवला, चांगला सागवानी, खालून दोन जाड पट्ट्या मारलेला. सीट उंच झाली. आई तिच्यावर ऐटीत बसायची आणि स्टेशनपासून शहरातल्या द्वारका चौकापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना नावं ठेवायची. ती जागा आईची. बायको मागे, डाव्या कोपऱ्यात, मांडीवर पिशव्या घेऊन. असा काही कायदा केलेला नव्हता, पण मोठं माणूस पुढे आणि सून मागे, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवावं लागत नसे.

आई गेली. त्यानंतरही बायको मागेच बसत राहिली. दोघंच भाजी आणायला निघालो तरी ती मागचं दार उघडायची. मी 'पुढे ये' म्हटलं नाही, तिने विचारलं नाही. पुढची जागा रिकामी आणि तिच्याखाली पाट तसाच. मी माझा डबासुद्धा तिथे ठेवत नसे.

बायको मालेगावची. तिच्या माहेरच्या भिंतीला लागून यंत्रमागाचं शेड होतं. दिवसभर, रात्रभर खटाखट, खटाखट. लग्नानंतर नाशिक रोडला आली तर पहिले काही दिवस तिला झोप लागेना. म्हणाली, इथे किती शांत आहे हो, भीती वाटते. मला वाटलं, होईल सवय. आई होती तोवर घरात आवाज होता, कारण आई एकटी चार माणसांचं बोलायची. ती गेल्यावर मात्र घरात उरलो मी, आणि मी पहिल्यापासून घुम्या. ऑफिसातून आलो, चहा घेतला, पेपर उघडला. काही विचारलं तर 'हं.' भाजी कशी झालीय? 'हं.' ती म्हणायची, "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? निदान रेडिओ तरी लावा!" रेडिओही बिघडलेला होता.

दिवाळीला ती माहेरी गेली. भाऊबीज करून येते म्हणाली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत गेली. ऑफिसच्या फोनवरून मी मेव्हण्याच्या दुकानात फोन लावायचो. तो म्हणायचा, "ताई म्हणते, राहू द्या अजून थोडे दिवस." भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. न झालेलं भांडण माणसाने मिटवायचं कसं, सांगा. ऑफिसातले लोक आधी विचारायचे, वहिनी कधी येणार? मग विचारेनासे झाले. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, ती येणारच नसेल तर?

मग माझ्या डोक्यात आलं, गाडीत स्टिरिओ बसवायचा. हसा खुशाल. पण मी सरळ हिशेब केला होता. मालेगावाहून नाशिकला यायला तीन तास. तीन तास मी काय बोलणार, कपाळ? गाणी वाजत असली म्हणजे गाडीत आवाज राहील, तिला बरं वाटेल आणि मला बोलावं लागणार नाही. स्टिरिओ वाजायला लागला की तिला आणायला जायचं, असं मी ठरवून टाकलं.

गाडीत आधीचे दोन स्पीकर होतेच, मागच्या सीटच्या मागे, काचेखालच्या फळीवर. साहेबांनी कधीकाळी बसवलेले. उन्हाने त्यांच्या आतला कागद पापडासारखा कडक झाला होता आणि एकाचा तर उंदराने चिवडा केलेला. मेन रोडवरून नवा टेप आणला, नवे दोन लंबगोल स्पीकर आणले. दुकानदार म्हणाला, बसवून देतो, गाडी ठेवून जा. मी म्हटलं, नको. आपला हात जगन्नाथ! आईच्या सीटला कुणी परक्याने हात लावलेला मला नको होता, हेही होतं, पण ते दुकानदाराला कशाला सांगा.

पुढचे सगळे रविवार त्यात गेले. जुने स्क्रू गंजलेले, त्यांना घासलेट पाजलं तेव्हा कुठे हलले. स्पीकर मागे का, तर ती मागे बसते म्हणून. डावा बरोबर तिच्या डोक्यामागे येईल असा मी मोजूनमापून बसवला. टेप पुढे, स्पीकर मागे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सीटखालून वायर न्यायची. उजवीकडची माझी सीट मी उचलून बाजूला ठेवली आणि वायर नीट अंथरली. डावीकडची उचलली नाही. ती उचलायची म्हणजे पाट काढायचा. हात पुढे झाला आणि परत आला. शेवटी मोडक्या छत्रीची काडी घेतली, तिच्या टोकाला वायर बांधली आणि सीटखालून, पाटाखालून, आंधळेपणानेच मागे ढकलली. मागच्या बाजूला टोक दिसलं तेव्हा मी स्वतःलाच शाबास म्हणालो. म्हणायला दुसरं होतं कोण?

बटण दाबलं. उजवा वाजला, डावा मुका. वा रे पठ्ठे!

बिघाड शोधायची एक रीत मला माहीत होती. टॉर्चचा एक सेल घ्यायचा आणि स्पीकरच्या दोन वायरी त्याला नुसत्या टेकवायच्या. स्पीकर जिवंत असेल तर आतला कागद हलून 'खट्' असा आवाज येतो. डाव्याला सेल टेकवला. खट्. म्हणजे स्पीकर जिवंत. मग पुढे टेपपाशी वायर सोडवून तिथून सेल टेकवला. काहीच नाही. म्हणजे मधे वायर कुठेतरी तुटलेली. पण 'खट्' वाजलं की नाही ते मागे कान लावून ऐकायचं आणि सेल पुढे टेकवायचा. एका माणसाने हे करायचं कसं? मी पुढे सेल टेकवून मागे पळत होतो. समोरच्या क्वार्टरमधल्या काकू गॅलरीतून बघत होत्या. शेवटी लक्षात आलं की दारं उघडी ठेवून श्वास धरला तर पुढूनही ऐकू येतं. मागच्या सीटपाशी दिलेला सांधा सुटला होता. पिळून, सोल्डर करून, टेप गुंडाळून परत जोडला. खट्! भर दुपारी रिकाम्या गाडीत तो एवढासा आवाज ऐकून मला कुणी 'ओ' दिल्यासारखं वाटलं. घरात कितीतरी दिवसांत मला कुणी 'ओ' दिली नव्हती.

तरी आवाज धड येईना. दोन्ही वाजत होते, पण गाणारा रांजणात तोंड घालून गातोय असं वाटे. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, एकाच्या वायरी उलट जोडल्यात, एक कागद पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. जोडीने चालायला पाहिजेत. आता माझ्याकडची वायर घरगुती बेलची, दोन्ही तारा पांढऱ्या. अधिक कुठली आणि वजा कुठली, कसं ओळखणार? सेल लावून एकेक तार ओळखली, पण खूण करायला लाल काही मिळेना. न्हाणीघराच्या फळीवर बायकोची नखांना लावायची लाल बाटली राहिली होती. वाळून घट्ट झालेली. कोमट पाण्यात धरली, हलवली आणि प्रत्येक अधिक तारेच्या टोकाला एकेक ठिपका लावला. बाटली परत होती तिथेच ठेवली. झाकणाला तिच्या बोटांची पावडर अजून होती. मी तिथेच बराच वेळ उभा राहिलो. आठवण येत होती. फार येत होती. सरळच सांगतो, लाजायचं काय त्यात.

स्टिरिओ वाजायला लागला. असा वाजायला लागला की मी ऑफिसातून आल्यावर घरात न जाता गाडीतच बसून राहायचो. चहा गाडीत. पेपर गाडीत. काकूंनी एकदा विचारलं, "भाऊजी, घराची किल्ली हरवली का?"

आता निघायचं, असं ठरवतोय तोवर एक विघ्न आलं. ऑफिसातला एक सहकारी, त्याची स्कूटर बंद पडलेली, म्हणाला शहरात सोड. आणि मी काही म्हणायच्या आत पुढचं दार उघडून आईच्या सीटवर बसला. आता ऊठ कसं म्हणणार? माझं डोकं तापलं. तेवढ्यात डावा स्पीकर बंद. हा खो-खो हसतोय. "अरे, तुझा स्टिरिओ अर्धांगवायूचा पेशंट आहे काय?" त्याला द्वारकेला उतरवलं आणि पुढे जाऊन बघतो तर डावा ठणठणीत! पनवती मेला, दुसरं काय. पण पुढच्या रविवारी मी सगळं परत उघडलं. सेल टेकवला, खट्. डावा स्पीकर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. दोन्ही उत्तम. सगळे सांधे परत केले. काही सापडेना. शेवटी ठरवलं, खड्ड्यामुळे झालं असणार. स्पीकरखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि विषय संपवला. आणखी किती दिवस स्पीकरच्या नावाखाली मी घरी बसणार होतो? खरं तर मला भीती वाटत होती. तिथे गेलो आणि ती नाही म्हणाली, तर मग वाट बघायलाही काही उरणार नव्हतं.

गेलो. मालेगावात शिरताच ती खटाखट कानावर आली. सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय जावईबापू, बरं शे ना?" मी म्हटलं, "हं." चहा आला, पोहे आले. बायको समोर जमिनीवर बसली. जरा भरली होती अंगाने. तब्येत सुधारलेली दिसली आणि मला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण माझ्याकडे ती अशी कधी दिसली नव्हती. मी सगळ्या रस्त्याने वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही तोंडात येईना. शेवटी म्हणालो, "गाडीत स्टिरिओ बसवलाय. मी स्वतः."

सासूबाई तिच्याकडे बघायला लागल्या. तिने पोह्यांची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "येते मी. पण मागे नाही बसणार."

"म्हणजे?"

"म्हणजे मागे नाही बसणार. इतकी वर्षं मागून तुमचं डोकं बघतेय. ते सुद्धा काही बोलत नाही."

शेजारचे माग धडाधड चालले होते म्हणून बरं, नाहीतर माझी छाती सगळ्यांना ऐकू गेली असती. माझ्या डोळ्यांपुढे ती सीट आली, आईचं निळं कव्हर, खालचा पाट. हिला घरी न्यायचं तर मला तिथून आईला उठवायचं होतं. मी कपबशीकडे बघत म्हणालो, "बस पुढे."

तिने बॅग मागे टाकली, पुढचं दार उघडलं आणि बसली. "अगंबाई, किती उंच!" म्हणाली. सासूबाई दारात पदर डोळ्याला लावून उभ्या. मी ऐटीत किल्ली फिरवली, टेप लावला. उजवा वाजला. डावा मुका.

मी दाराला लाथ घातली. खरंच घातली. उतरलो, मागे गेलो, फळीवर बुक्की मारली, पुढे आलो, बटणं पिरगळली. "इतके रविवार! इतके रविवार घातले मी या मेल्याच्या मागे!" सगळी गल्ली बघायला लागली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी मागच्या सीटवर चढणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, आता ते उघडून बसू नका. एक वाजतोय ना? तुमच्या बाजूचा वाजू दे. या बाजूला तुम्ही बोला."

निघालो. सौंदाणे गेलं तरी मी गप्प. काय बोलायचं? मग रागारागानेच म्हणालो, "तरी मी सेल टेकवून बघितलं होतं." ती म्हणाली, "कसला सेल?" झालं. सुरू झालो मी. टॉर्चचा सेल, ती खट्, श्वास धरून ऐकणं, समोरच्या काकू, रांजणातला आवाज, छत्रीची काडी. "आणि तुझं ते लाल नखांचं घेतलं वायरीला." "माझं नेलपॉलिश?" असं म्हणून ती जी हसायला लागली ती राहूडच्या घाटापर्यंत हसत होती. मी तिच्याशी इतकं सलग कधीच बोललो नव्हतो. आणि बोललो काय, तर वायरी.

चांदवडला चहाला थांबलो. ती उतरली, दार लावलं, आणि डावा स्पीकर वाजायला लागला. ती थबकली. दार उघडून परत बसली, बंद. उठली, चालू. बसली, बंद. मी वाकून सीटखाली बघितलं. वायर पाटाच्या पट्टीखालून गेली होती. कुणी बसलं की पाट दबायचा, आतली अर्धवट तुटलेली तार सुटायची, आणि उठलं की परत टेकायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! मला हा बिघाड सापडणारच नव्हता. मी सगळं तपासलं होतं, पण एकट्याने, आणि त्या सीटवर माणूस असल्याशिवाय तो बिघाड होतच नव्हता.

तिथल्या तिथे पाट काढायला मी गादीला हात घातला. ती म्हणाली, "राहू दे. आईंचा पाट आहे. उंच बसलं की रस्ता चांगला दिसतो." मी म्हटलं, "अगं, मग डावा कधीच वाजणार नाही." ती म्हणाली, "नकोच वाजायला. दोन्ही वाजले की तुम्ही गप्प बसाल."

ती वायर मी कधी बदलली नाही. पुढची वर्षं आमच्या गाडीत उजव्या बाजूला गाणी आणि डाव्या बाजूला माझी बडबड असं चालायचं. घरात मी घुम्याच राहिलो, स्वभाव थोडाच बदलतो, पण गाडीत बसलो की तोंड उघडायचं. ती कधीकधी उगीच म्हणायची, चला, सिन्नरपर्यंत जाऊन येऊ. काम काही नसायचं.

मग तिला कावीळ झाली आणि ती हटेना. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डॉक्टर बदलले, गावठी औषधं झाली. दर आठवड्याला तपासणीला शहरात नेत असे. ती वाळत चालली होती. एकदा द्वारकेच्या अलीकडे डावा स्पीकर खरखरला. मग थोडा वाजला, मग बंद. ती सीटवर बसलेली होती. मी बोलता बोलता थांबलो. तिने विचारलं, "वाजतोय का हो तो?"

"खड्ड्यामुळे," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली.

त्यानंतरच्या फेऱ्यांना तो दर वेळी थोडा जास्त वाजत गेला. आम्ही दोघं ऐकत होतो. मी आवाज मोठा करून बोलायचो, ऑफिसातलं, काकूंचं, काहीही.

तेराव्यानंतर पहिल्यांदा ऑफिसला निघालो. किल्ली फिरवली की टेप आपोआप सुरू व्हायचा. कॅसेट तिनेच लावलेली आत होती. दोन्ही स्पीकर लागले, स्वच्छ, जोडीने, पहिल्यांदा नीट लागले त्या दिवशी वाजले होते तसे. काकू गॅलरीत उभ्या होत्या. मी बंद करायला हात पुढे केला, पण बटणाकडे नाही गेला तो. शेजारच्या सीटवर ठेवला आणि सगळा भार देऊन दाबला. डावा थांबला. मग मी म्हणालो, "आज जरा उशीरच झालाय निघायला." गिअर टाकायला हात उचलावा लागला, तेव्हा तो परत वाजायला लागला.